नागसेनवनाची पिढी

1950 च्या आधी मराठवाड्यातल्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे. तिथे उस्मानिया विद्यापीठ, माध्यम उर्दू आणि खर्च राजधानीच्या शहराचा. औरंगाबादेत सरकारी इंटरमीजिएट कॉलेज होते, पण ते संपले की वाट पुन्हा हैदराबादकडेच वळे. ज्यांच्या घरी जमीनजुमला होता, वकिली होती किंवा निझामाच्या चाकरीत कोणी होते, त्यांनाच हे परवडे. गावकुसाबाहेरच्या पोराने चार इयत्ता पार केल्या तरी तो घरादाराला मोठा पराक्रम वाटायचा. कॉलेज हा शब्द त्याच्या कानावर पडला असेल तर नवल.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई होऊन निझामी राजवट गेली. दोन वर्षे होतात न होतात तोच, जून 1950 मध्ये, औरंगाबादच्या छावणी भागात एक कॉलेज सुरू झाले. काढणारी संस्था होती मुंबईची पीपल्स एज्युकेशन सोसायटी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती 8 जुलै 1945 रोजी स्थापन केली होती आणि वर्षभरातच मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले होते. मुंबईत कॉलेज काढणे त्या मानाने सोपे म्हणायचे. तिथे गिरणीत, गोदीत, रेल्वेत पोट भरून सकाळी तासांना बसणारी मुले होती. औरंगाबादेत ही सोय नव्हती. बाबासाहेबांनी हे ठिकाण निवडले ते बहुधा म्हणूनच.

त्या वेळी ते केंद्रात कायदामंत्री होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते आणि हिंदू कोड बिलावरून स्वपक्ष-परपक्ष दोन्हींकडून मारा चालू होता. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसली. हेच राजेंद्रप्रसाद त्या बिलाचे कडवे विरोधक होते. महिना संपायच्या आत, 27 सप्टेंबरला, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एका महिन्यातल्या या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. दिल्लीतला दरवाजा बंद होत होता आणि माणूस औरंगाबादेत पाया खणत होता.

पुढे कॉलेजला मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले आणि आवाराला नागसेनवन. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून विचारून हैराण करणारा आणि शेवटी त्याचे म्हणणे मान्य करणारा ग्रीक राजा तो मिलिंद. बाबासाहेब इमारतीच्या आराखड्यापासून झाडांपर्यंत सगळ्यात स्वतः लक्ष घालत. ज्या माणसाला आयुष्यभर सवड मिळाली नाही, त्याने या माळरानावर कुठे काय उगवावे याचा विचार करायला वेळ काढला. याला हौस म्हणून मोकळे होता येणार नाही. आपल्यामागे काय उरणार याचा हिशेब तेव्हा त्यांच्या मनात सुरू झाला होता, असे मला वाटते.

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर मुंबईने न पाहिलेली गर्दी लोटली. नेत्यामागे पक्षाचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. 1957 साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे गट पडू लागले. त्या गटांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, मी त्यात शिरत नाही. मला सांगायचे आहे ते वर्गात, वसतिगृहात आणि छापखान्यात काम करणाऱ्या माणसांविषयी. बाबासाहेबांचा वारसा टिकला तो यांच्या हातांनी, हे माझे स्पष्ट मत आहे.

नागसेनवनात येणारे पोर कसे यायचे, ते आत्मकथनांतून कळते. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ 1979 साली पुस्तकरूपाने आले. लहानपणीच आईवडील गेलेला मुलगा, बहिणीच्या संसारात वाढलेला. त्या घरातही खायची मारामार. अर्धपोटी राहून, लोकांची कामे करून तो एकेक इयत्ता चढत जातो आणि शेवटी मिलिंदला पोचतो. पुढे हाच मुलगा औरंगाबादेत इंग्रजीचा प्राध्यापक झाला. पुस्तकात कुठेही आरडाओरडा नाही. भुकेची गोष्ट तो इतक्या साध्या आवाजात सांगतो की वाचणाऱ्यालाच अपराधी वाटते.

अशा मुलांना वसतिगृहाची खाट आणि मेसचे ताट मिळाले नसते, तर नुसत्या कॉलेजचा उपयोग शून्य होता. बाबासाहेबांना हे पक्के माहीत होते. 1924 साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला सोलापुरात वसतिगृह उघडले, ते याच कारणाने. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती त्यांच्या प्रयत्नाने 1944 साली सुरू झाली. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि कॉलेज या तिन्हींची सांगड बसली तेव्हा कुठे पहिली पिढी उभी राहिली. यातले एक जरी निखळले तरी मुलगा गावी परत. शिष्यवृत्तीचे पैसे लांबले की काय होते, हे त्या काळच्या कुठल्याही वसतिगृहातल्या माणसाला विचारा. आजच्या मुलालाही विचारायला हरकत नाही.

मिलिंद फक्त दलितांचे कॉलेज कधीच नव्हते. मराठवाड्यातल्या सगळ्या जातींची मुले तिथे शिकली. अध्यापकही सगळीकडचे. प्राचार्य म. भि. चिटणीस कायस्थ समाजातले. त्यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. ज्यांच्या आज्यापणज्यांनी जलशात आणि तमाशात पायात चाळ बांधले, त्यांची नातवंडे आता कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आपलाच इतिहास उभा करू लागली.

मराठवाडा विद्यापीठ झाले ते 1958 साली, म्हणजे मिलिंदनंतर आठ वर्षांनी. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

साठच्या दशकात मिलिंदचे प्राचार्य म्हणून म. ना. वानखेडे आले. नागपूरकडचे, इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेत डॉक्टरेट करून परतलेले. वानखेडे तिथे होते तो काळ म्हणजे नागरी हक्कांच्या चळवळीचा ऐन भर. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या मुलांनी हॉटेलांच्या टेबलांवर ठिय्या दिला होता, मार्टिन ल्यूथर किंगच्या नावाने रस्ते भरत होते आणि रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे काळ्या वाचकांपलीकडे पोचली होती. वानखेड्यांनी हे सगळे सामानाबरोबर बांधून आणले. मराठी नवशिक्षित दलित तरुणाला ते सांगू लागले की तुझ्यासारखाच माणूस तिकडे लिहितो आहे, आणि लिहिताना तो गोऱ्यांच्या सौंदर्यशास्त्राची परवानगी मागत बसत नाही.

हा धागा तसा जुना होता. बाबासाहेबांनीच 1946 साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे द्यायच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. दोन्ही समाजांच्या स्थितीत किती साम्य आहे, हेही त्यांनी त्यात नमूद केले होते. डू बॉइसनी उलटटपाली सहानुभूतीने उत्तर दिले. दोन महापुरुषांमधली ती पत्रे फायलीत राहिली. वानखेड्यांनी तीच ओळख कॉलेजच्या पोरांपर्यंत नेली. हे काम दिसायला लहान, पण पुढच्या दहा वर्षांत मराठी साहित्याचा चेहरा त्याने बदलला.

1967 साली मिलिंदच्या परिसरातून ‘अस्मिता’ नावाचे त्रैमासिक निघाले. पुढच्याच वर्षी ते ‘अस्मितादर्श’ झाले. संपादक गंगाधर पानतावणे. मूळ नागपूरचे, मिलिंदमध्ये मराठी शिकवणारे. यानंतर जवळजवळ अर्धे शतक या माणसाने ते त्रैमासिक चालवले. अशा अंकाचे अर्थशास्त्र काय असते ते मराठी नियतकालिकांच्या जगात वावरणाऱ्यांना सांगायला नको. वर्गणीदार विखुरलेले, जाहिराती तुटपुंज्या, आणि दिवाळी अंक निघाला की उधारी पुढच्या दिवाळीपर्यंत. खेड्यातला एखादा शाळामास्तर, एखादा पोस्टातला कारकून, एखादा एसटीतला कंडक्टर चार कविता पाठवणार. त्या वाचायच्या, शुद्धलेखन सुधारायचे, त्यांचा बाज मात्र मोडायचा नाही. मराठीचा प्राध्यापक म्हटला की प्रमाणभाषेची छडी हातात असायची असा तो काळ. पानतावण्यांनी ती छडी बाजूला ठेवली. दया पवार, नामदेव ढसाळ यांच्यापासून आज विस्मरणात गेलेल्या असंख्य कवींपर्यंत दोन-तीन पिढ्यांना ‘अस्मितादर्श’ने पहिले पान दिले. दरवर्षीच्या लेखक-वाचक मेळाव्यांतून लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर आले. अनेकांना वाचक म्हणून जाऊन लेखक होऊन परतता आले.

1969 साली औरंगाबादच्या दैनिक ‘मराठवाडा’ने दिवाळी अंकात दलित साहित्यावर परिसंवाद घेतला. वानखेडे, चिटणीस, बाबुराव बागूल, दया पवार त्यात होते. मुंबई-पुण्याच्या मासिकांना जे सुचले नाही ते औरंगाबादच्या दैनिकाने केले, याचे श्रेय संपादक अनंत भालेराव यांना द्यायलाच हवे. मी हे मुद्दाम लिहितो, कारण नऊ वर्षांनी हेच भालेराव आणि हेच दैनिक दुसऱ्या बाजूला उभे होते.

मुंबईतही काही वेगळे घडत नव्हते. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचेच वसतिगृह. 1972 साली दलित पँथर जन्माला आली तेव्हा तिच्या रात्र रात्र चालणाऱ्या चर्चांचा अड्डा तिथेच होता. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. पँथरविषयी बोलताना आपण मोर्चे, सभा, वरळीची दंगल आठवतो. त्यामागे वसतिगृहाची एक खोली, चहाचे ग्लास आणि फिरत्या हातांतली पुस्तके होती, हे सांगायचे राहून जाते.

आता 1978. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, ही मागणी विद्यार्थ्यांनी आणि पँथरने लावून धरली होती. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव एकमताने केला. त्याच दिवसापासून मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, विहिरी नासवल्या गेल्या, बायकांवर अत्याचार झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावचे पोचीराम कांबळे यांना 4 ऑगस्टला जिवंत जाळले. सरकारने ठराव गुंडाळून ठेवला. गोविंदभाई श्रॉफ आणि अनंत भालेराव हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले तपस्वी लोक. त्यांचा नामांतराला विरोध होता. मराठवाड्याच्या अस्मितेचा प्रश्न आहे, असे ते म्हणत. ज्या प्रदेशात बाबासाहेबांनी विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी महाविद्यालय उभे केले, त्या प्रदेशाच्या अस्मितेत त्यांचे नाव बसत नाही, हा युक्तिवाद मला तेव्हाच्या संदर्भात ठेवून पाहिला तरी उमगत नाही. त्या दोघांच्या त्यागाविषयी आदर आहे. या बाबतीत मात्र ते चुकले.

1979 च्या नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. पुढची चौदा-पंधरा वर्षे सत्याग्रह, तुरुंग, लाठ्या, गोळीबार. 1993 च्या नोव्हेंबरात नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव लागले. नामांतर मागितले होते, नामविस्तार मिळाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षे. शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले तरी दर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी लोक अजून जमतात, तेही पुष्कळसे खेड्यापाड्यांतून, स्वतःच्या खर्चाने.

हा लढा चालू असताना मुंबईत सरकारी कचेरीतल्या एका टेबलावर दुसरेच काम चालू होते. बाबासाहेबांच्या पश्चात त्यांच्या इस्टेटीचा वाद न्यायालयात गेला आणि त्यांची हस्तलिखिते लोखंडी पेट्यांत बंद पडली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा इंग्रजी ग्रंथ 1957 साली सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने छापला, तेवढा वाचला. बाकी कितीतरी पाने कुलपाआड. 1976 साली महाराष्ट्र सरकारने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली आणि वसंत मून यांच्याकडे काम सोपवले. मून नागपूरच्या दलित वस्तीतून आलेले, महसूल खात्यातले अधिकारी. त्यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना तो माणूस कळेल. पेट्या उघडून पान पानाला लावायचे, हस्ताक्षर ओळखायचे, एकाच प्रकरणाचे तीन-तीन कच्चे खर्डे पडताळायचे, हे त्यांचे रोजचे काम झाले. पहिला खंड 14 एप्रिल 1979 रोजी प्रसिद्ध झाला. म्हणजे वस्त्या जळून वर्षही उलटले नव्हते. जातिनिर्मूलनावरचे बाबासाहेबांचे लिहिलेले पण न दिलेले, तरीही गाजलेले भाषण या खंडात आले आणि सरकारी किमतीत कोणालाही घेता येऊ लागले. त्याआधी ते मिळवायला धडपड करावी लागे.

1987 साली ‘हिंदू धर्मातील कोडी’ असलेला चौथा खंड आला आणि गदारोळ उठला. राम आणि कृष्णावरचे प्रकरण गाळा, अशी मागणी शिवसेनेने केली. उत्तरादाखल 1988 च्या फेब्रुवारीत मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. प्रकरण राहिले, आणि सरकार या मताशी सहमत नाही अशी टीप त्याला जोडली गेली. लेखकाच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी एका पुस्तकासाठी लाखो माणसे रस्त्यावर उतरली. त्यातले बरेचसे निरक्षर होते. त्यांना ते पुस्तक वाचता येणार नव्हते, तरी त्यातले एक पान गाळू द्यायला ते तयार नव्हते.

मून यांच्याही आधी, कोणत्याही समितीशिवाय हे काम चांगदेव खैरमोड्यांनी एकट्याने केले. सातारा जिल्ह्यातले. सचिवालयात नोकरी करायची, उरलेल्या वेळात बाबासाहेबांची पत्रे, पत्रके, सभांचे वृत्तांत जमवायचे. चरित्राचा पहिला खंड 1952 साली, बाबासाहेब हयात असतानाच निघाला. 1971 साली खैरमोडे गेले. उरलेले खंड त्यांच्या पत्नीने नेटाने प्रकाशात आणले. डझनाहून अधिक खंडांचे हे चरित्र आज प्रत्येक अभ्यासक वापरतो. श्रेय मात्र बहुतेक वेळा तळटीपेतच जाते.

नागपुरात दीक्षाभूमीवर स्मारक समितीने 1964 साली महाविद्यालय सुरू केले. स्तूप पुरा होऊन त्याचे उद्घाटन झाले 2001 साली. वर्ग आधी, घुमट सदतीस वर्षांनी. पैशाअभावी तसे झाले असेल, पण झाले ते बरे झाले. दीक्षाभूमीवर विजयादशमीला आणि दादरला 6 डिसेंबरला लागणारी पुस्तकांची दुकाने हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शिवाजी पार्कवर रात्रभर रेल्वेने आलेली, अंथरूण-भाकरी बरोबर घेतलेली बाई नातवासाठी पुस्तक चाळून, किंमत विचारून, कनवटीचे पैसे मोजून घेते. मराठी पुस्तकांना वाचक नाहीत म्हणणाऱ्या प्रकाशकांनी त्या दिवशी तिथे तासभर उभे राहावे. अलीकडे काही कार्यकर्त्यांनी हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन आणा, असे आवाहन सुरू केले. जमलेल्या वह्या आदिवासी पाड्यांवर, वीटभट्टीवरच्या मुलांकडे जातात.

मिलिंदमध्ये शिकलेले सुखदेव थोरात 2006 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पानतावणे 2009 साली अमेरिकेत सॅन होजे येथे भरलेल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. 2018 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. वानखेडे मात्र 1978 सालीच गेले. त्यांनी अमेरिकेतून आणलेल्या पुस्तकांचे पुढे काय झाले हे पाहायला ते उरले नाहीत.

सगळे गोड आहे असे नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतही पक्षाप्रमाणेच गट पडले आणि अध्यक्ष कोण हा वाद कोर्टात गेला. बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले लंडनचे घर राज्य सरकारने 2015 साली विकत घेतले. ठीकच केले. पण त्यांच्या लेखनाचे खंड वर्षानुवर्षे मिळत नाहीत, छपाईसाठी घेतलेला कागद पडून आहे, अशी बातमी आल्यावर 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. घर घ्यायला पैसा मिळाला. पुस्तक छापायला न्यायालयाचा दट्ट्या लागला.

सरकारने खंड सतत छापते ठेवावेत, ही मागणी लावून धरायलाच हवी. तोवर एक काम आपल्या हातात आहे. कुणाच्या घरी माळ्यावर ‘अस्मितादर्श’चे जुने अंक, मिलिंदची वार्षिके, लाँग मार्चची पत्रके किंवा वसतिगृहातून घरी लिहिलेली पत्रे असतील, तर दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि पोचपावती घ्या.